ठळक न छापलेला आकडा

बारा-चौदा ओळी, तीन रकाने आणि तळाशी एक सही. बिदर, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या प्रयोगशाळेतून ‘लिव्हरचा रिपोर्ट’ म्हणून हातात पडणारा कागद एवढाच असतो. पहिल्या रकान्यात तपासणीचं नाव, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात ‘नॉर्मल’ची मर्यादा. मर्यादेबाहेर गेलेला आकडा ठळक छापतात किंवा त्याच्या शेजारी चांदणी काढतात. घरातलं शिकलेलं मूल आधी ती चांदणी शोधतं. सापडली तर घर घाबरतं. नाही सापडली तर कागदाची घडी होते आणि तो पिशवीत जातो.

मला हा कागद एक उत्तम रचना वाटतो. त्यातला प्रत्येक शब्द मोजका आहे, ओळी एकमेकींना छेद देतात आणि आधारही देतात. दीर्घकाळ मुरलेली विषाणूजन्य कावीळ असो की यकृतात घर केलेला परजीवी, खरा अर्थ पुष्कळदा चांदणी नसलेल्या ओळीत दडलेला असतो. तो हाती लागतो तेव्हा चांगली कविता उलगडल्यासारखा आनंद होतो, आणि त्या आनंदाला एका माणसाच्या आयुष्याचं वजन असतं.

हा मुलूखही टीकाकारांचा आहे. बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘मिताक्षरा’ टीका लिहिली ती याच दरबाराच्या आश्रयाने. एक वचन सुटं घ्यायचं नाही, ते दुसऱ्याशी ताडून पाहायचं, दोघांत विरोध दिसला तर कुणाचा विषय कोणता हे ठरवून दोघांनाही जागा द्यायची, ही टीकाकाराची शिस्त. यकृताचा कागद वाचायला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

सर्वांत बोलकी ओळ एसजीपीटीची. नव्या कागदांवर तिला एएलटी म्हणतात, पण दवाखान्यात जुनंच नाव चालतं. हे यकृताच्या पेशीतलं एक एन्झाइम. एका पदार्थाचा नायट्रोजन उचलून दुसऱ्याच्या स्वाधीन करणं हे त्याचं काम. सजीवांच्या पेशीत अशी देवाणघेवाण चालते हे मॉस्कोत अलेक्झांडर ब्राउनश्टाइन आणि मारिया क्रिट्झमान यांनी 1937 साली दाखवलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये आर्थर कार्मेन, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि जॉन लाड्यू यांनी माणसाच्या रक्तात ही एन्झाइमं मोजली आणि 1955 साली ते काम मांडलं. त्यांचं लक्ष आधी हृदयविकाराच्या झटक्याकडे होतं. 1957 साली इटलीतल्या नेपल्सच्या फर्नांडो दे रितिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मोजणी विषाणूजन्य काविळीच्या निदानासाठी वापरली. त्याच वर्षी राइटमन आणि फ्रँकेल यांनी एक सोपी पद्धत दिली. रसायन घालायचं, तपकिरी रंग येऊ द्यायचा आणि त्याची गडदता मोजायची. त्यामुळे महागडी यंत्रं नसलेल्या लहान प्रयोगशाळांनाही हा आकडा काढता येऊ लागला.

या ओळीचं सौंदर्य एका साध्या गोष्टीत आहे. एसजीपीटीचं सगळं काम पेशीच्या आत. रक्तात त्याला काहीच काम नाही. रोज काही पेशी मरतात, त्यांच्यापुरतं थोडं रक्तात असतंच. ते वाढलं, की यकृताच्या पेशींची भिंत कुठेतरी सुटते आहे एवढाच त्याचा सरळ अर्थ. कोणी फोडली, का फोडली, किती काळापासून, यातलं काहीही ही ओळ एकटी सांगत नाही. तिला शेजार लागतो.

नमुन्यादाखल एक कागद समोर धरू. तो कुणा एका माणसाचा नाही, अशा कागदांत नेहमी दिसणाऱ्या आकड्यांवरून रचला आहे. वय 34, पुरुष, तक्रार काही नाही. गावातल्या शिबिरात रक्त दिलं आणि नंतर रक्तपेढीतून बोलावणं आलं. बिलिरुबिन 0.8. एसजीओटी (एसजीपीटीच्याच घराण्यातलं दुसरं एन्झाइम) 49. एसजीपीटी 68. अल्कलाइन फॉस्फटेज 88. अल्ब्युमिन 4.3. प्लेटलेट दोन लाख दहा हजार. आणि दुसऱ्या चिठ्ठीवर एकच ओळ: एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा प्रतिजन रक्तात सापडला.

पहिल्या वाचनात काय दिसतं? डोळे पिवळे नाहीत, कारण बिलिरुबिन 0.8 आहे; डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते साधारण अडीच-तीनपर्यंत जावं लागतं. भूक आहे, शेतात काम होतं. एसजीपीटीपुढे चांदणी आहे, पण शेकड्यांतला आकडा नाही. मनाशी म्हणावंसं वाटतं, थोडं वाढलंय, उतरेल. इथेच वाचकाने थांबायला हवं.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताची पेशी सहसा स्वतः मारत नाही. तो तिच्यात राहतो, आपल्या प्रती काढतो आणि तिला जगू देतो. पेशी मारतात त्या शरीराच्याच संरक्षक पेशी, विषाणू ओळखल्यावर. म्हणजे एसजीपीटी 68 हा विषाणूच्या संख्येचा आकडा नाही, शरीराने त्याच्याशी मांडलेल्या झुंजीचा आहे. हे एकदा ध्यानात आलं की सगळा कागद वेगळा दिसू लागतो. जन्माच्या वेळी आईकडून विषाणू आलेल्या मुलांत पहिली अनेक वर्षं रक्तात विषाणू कोट्यवधींनी असतो आणि एसजीपीटी अगदी नॉर्मल. झुंजच सुरू झालेली नसते. पुढे तरुणपणी कधीतरी हा आकडा अचानक उसळतो आणि काही जणांत त्यानंतर विषाणूचं बळ ओसरतं. एकच उसळी एकाला उतार देते आणि दुसऱ्याचं यकृत खचवते. कोणती कुठली, हे ठरवायला विषाणूच्या डीएनएची मोजणी लागते, ‘ई’ प्रतिजनाची तपासणी लागते आणि काही महिन्यांनी काढलेला दुसरा कागद लागतो.

‘नॉर्मल’चा रकानाही डोळे मिटून मान्य करू नये. आपल्याकडच्या बहुतेक कागदांवर एसजीपीटीची वरची मर्यादा 40 किंवा 45 छापलेली असते. इटलीत मिलानच्या डॅनिएले प्राती आणि सहकाऱ्यांनी रक्तदात्यांच्या नोंदी पुन्हा चाळल्या. यकृताच्या आजाराची शंका येईल अशी माणसं बाजूला काढल्यावर खऱ्या निरोगी माणसांची मर्यादा पुरुषांत 30 आणि स्त्रियांत 19 निघाली. ते काम 2002 सालचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या हिपॅटायटिस बीच्या मार्गदर्शनात याच मर्यादा धरल्या आहेत. म्हणजे एखाद्या बाईचा 34 हा आकडा कागदावर चांदणीवाचून असेल, तरी त्यात बोलण्यासारखं काहीतरी असतं.

आता या कागदाचा मला सर्वांत विलोभनीय वाटणारा गुण. त्यातली प्रत्येक ओळ वेगळ्या काळाबद्दल बोलते. एसजीओटी रक्तात आल्यावर एका दिवसाच्या आत निम्मं होतं, एसजीपीटीला त्यासाठी जवळजवळ दोन दिवस लागतात. म्हणजे या दोन ओळी काल-परवाची बातमी देतात. अल्ब्युमिन हे यकृताने तयार केलेलं प्रथिन. ते निम्मं व्हायला तीन आठवडे जातात. ते उतरलेलं दिसलं तर कमतरता आजची नसते, आठवड्यांची किंवा महिन्यांची असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी प्रोथ्रोम्बिन टाइमची ओळ मात्र अगदी ताजी, कारण गोठण्याच्या घटकांपैकी सातवा घटक चार-सहा तासांतच निम्मा होतो. प्लेटलेटची ओळ वर्षांची आहे. यकृत कठीण झालं, त्यातून रक्त जाईना, की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडवून धरते. एचबीएसएजी सहा महिन्यांहून अधिक टिकलं तर आजार जुनाट ठरतो. आणि ‘कोअर’ प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडं विषाणू येऊन गेल्याची खूण बहुधा आयुष्यभर जपतात. काही तास, दोन दिवस, तीन आठवडे, अनेक वर्षं, सगळा जन्म: एवढे काळ एका सुईतल्या रक्तात एकत्र येतात. गद्यात एवढं करायला कादंबरी लागते.

हा गुण ओळखला, की दुसरा कागद वाचता येतो. माणूस तोच, विषाणू तोच, पण वर्षं गेलेली. वय 56. बिलिरुबिन 1.9. एसजीओटी 58. एसजीपीटी 36. अल्ब्युमिन 2.9. प्लेटलेट ब्याण्णव हजार. आयएनआर, म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइमवरूनच काढलेला आकडा, 1.5.

एसजीपीटी 36 पाहून घरचे म्हणतात, लिव्हर सुधारलं, मागच्या वेळी 68 होतं. मला वाटतं, या मजकुरातलं सर्वांत दुःखद वाक्य हेच आहे. तो आकडा उतरला, कारण झिजायला आता पूर्वीइतक्या पेशीच उरल्या नाहीत. जिथे पेशी होत्या तिथे चट्टे आहेत, आणि चट्ट्यातून एसजीपीटी पाझरत नाही. शेजारची एसजीओटीची ओळ वाचा. पहिल्या कागदात ती एसजीपीटीच्या खाली होती, आता वर गेली आहे. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराला दे रितिस यांचंच नाव आहे. ताज्या विषाणूजन्य काविळीत ते सहसा एकाच्या खाली असतं. जुन्या आजारात ते एकाच्या पलीकडे गेलं, तर यकृत आक्रसत असल्याची शंका घ्यावी. दारूने दुखावलेल्या यकृतात ते दोनाच्याही वर जातं. एसजीओटीचा मोठा हिस्सा पेशीच्या आतल्या मायटोकाँड्रियात असतो आणि दारू तिथवर पोचते, हे त्याचं एक कारण. दारूने ब-6 जीवनसत्त्व घटतं आणि त्यावाचून एसजीपीटी मंदावतं, हे दुसरं. अल्ब्युमिन, प्लेटलेट आणि आयएनआर, तिन्ही वेगवेगळ्या काळांतून येऊन एकच साक्ष देतात: कारखाना थकला आहे. नॉर्मल रकान्यात निवांत बसलेला 36 या साक्षीपुढे टिकत नाही.

या ओळींचा मेळ आता सूत्रातही बसवला आहे. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट हजारांत आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. याला फिब-4 म्हणतात. ते 2006 साली मांडलं गेलं. 1.45 च्या खाली असेल तर मोठे चट्टे असण्याची शक्यता कमी, 3.25 च्या वर गेलं तर बरीच. पहिल्या कागदाचं उत्तर येतं 0.96 आणि दुसऱ्याचं 5.88. त्याहून सोपं सूत्र 2003 सालचं, एप्री. एसजीओटी मर्यादेच्या किती पट आहे ते काढायचं, त्याला शंभराने गुणून प्लेटलेटने भागायचं. मर्यादा 40 धरली तर दुसऱ्याचं 1.58 येतं आणि पहिल्याचं 0.58. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी 0.5 च्या वरचं एप्री औषध सुरू करायला पुरेसं कारण मानलं आहे. म्हणजे पहिल्या कागदाच्या बाबतीत एक सूत्र निश्चिंत आहे आणि दुसरं हात वर करून उभं आहे. इथे विज्ञानेश्वरांची शिस्त कामाला येते. दोन वचनांत विरोध आला म्हणून एक खोटं ठरवायचं नाही. फिब-4 मोठे चट्टे हुडकतं, एप्रीचा हा उंबरठा लवकर उपचार मिळावा म्हणून मुद्दाम खाली आणला आहे. दोघांचा विषय वेगळा आहे.

परजीवींचे कागद वेगळ्याच शैलीत लिहिलेले असतात. तिसरा नमुना घेऊ. चाळिशीचा पुरुष, दोन-तीन आठवडे ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं. बिलिरुबिन 1.1, एसजीपीटी 46, म्हणजे दोन्ही जवळजवळ जागेवर. पण अल्कलाइन फॉस्फटेज 310, पांढऱ्या पेशी अठरा हजार, अल्ब्युमिन 2.8. आमांशाचा अमीबा आतड्यातून रक्तावाटे यकृतात गेला आणि तिथे पू झाला, की कागद पुष्कळदा असा दिसतो. बायकांपेक्षा कमावत्या वयाच्या पुरुषांत हा आजार कितीतरी पटींनी जास्त, आणि ताडी-शिंदी पिणाऱ्यांत तो दख्खनच्या डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचा. इथे एसजीपीटी गप्प का? कारण गळू एका जागी आहे, बाकीचं यकृत शाबूत आहे. आणि अल्कलाइन फॉस्फटेज का वाढतं? ते फुटलेल्या पेशीतून गळत नाही. गळवाच्या दाबाने पित्ताच्या वाटा अडल्या की यकृत ते नव्याने तयार करतं. एसजीपीटी मोडतोडीतून येतं, फॉस्फटेज घडणीतून. एकाच कागदावर दोन आकडे वाढलेले असतात आणि त्यांच्या वाढण्याचं कारण अगदी उलट असू शकतं, ही या रचनेतली मला फार आवडणारी जागा.

याच कागदात न आलेली एक गोष्टही वाचायची असते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. अमीबा एकपेशीय आहे, आणि या पेशी सहसा जंतांच्या विरोधात वाढतात. त्या वाढलेल्या दिसल्या तर यकृतातल्या गाठीचा विचार दुसऱ्या दिशेने करावा लागतो. मात्र बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही हत्तीपायाचे जिल्हे म्हणून नोंदलेले आहेत, त्यासाठी इथे गावोगाव गोळ्या वाटल्या गेल्या. तेव्हा इओसिनोफिलची ओळ इथे वाचताना यकृत, हत्तीपाय, पोटातले जंत आणि दमा, या साऱ्यांना विचारात घ्यावं लागतं. मजकूर तोच असला तरी मुलूख बदलला की अर्थ बदलतो.

चौथा कागद जवळजवळ कोरा आहे. कुरुब आणि धनगर कुटुंबांत मेंढरं आणि कुत्री माणसांसोबतच राहतात. मेंढरू कापल्यावर आतडी-काळीज कुत्र्यापुढे टाकलं, त्यात हायडॅटिडची गाठ असली, तर कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून भाजीवर, पाण्यात, हातावर येतात आणि माणसाच्या पोटात जातात. दहापैकी सात जणांत गाठ यकृतात होते. ती वर्षानुवर्षं सावकाश वाढते, आत स्वच्छ पाणी आणि छोट्या-छोट्या पिल्लू-गाठी. आणि रक्ताचा कागद? बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्ब्युमिन सगळं जागेवर. इओसिनोफिल थोड्याच रुग्णांत वाढलेल्या. परजीवीने आपल्याभोवती भिंत बांधून घेतली आहे आणि यकृतानेही त्याच्याभोवती कुंपण घातलं आहे; दोघांत झुंज नाही, म्हणून बातमीही नाही. इथे सोनोग्राफीनेच बोलावं लागतं. ही गाठ सुईने सहज टोचायची नसते. पाणी आत सांडलं तर जिवावर बेतणारी अॅलर्जी होऊ शकते. रक्ताचा कागद स्वच्छ आहे एवढ्यावर विसंबणाऱ्याला हा नमुना सावध करतो.

विषाणू आणि परजीवी यांची सर्वांत मोठी गाठ पडली ती मिसर देशात. नाईलच्या पाण्यातल्या बिल्हार्झिया या कृमीने तिथल्या शेतकऱ्यांची यकृतं पिढ्यान्‌पिढ्या कठीण केली होती. हा कृमी आपल्याला अगदी परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याच्या मूत्रमार्गाच्या जातीचं ठाणं डॉ. गाडगीळ आणि शहा यांनी 1952 साली नोंदवलं. मिसरमध्ये सरकारने त्याच्यावर अँटिमनीच्या इंजेक्शनांची मोहीम काढली आणि ती 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. सुया आणि सिरिंजा नीट निर्जंतुक न होता पुन्हा वापरल्या गेल्या. कृमीवर औषध देणाऱ्या त्याच सुयांनी हिपॅटायटिस सी देशभर पसरवला. तेव्हा त्या विषाणूला नावही नव्हतं. अमेरिकेत हार्वे अल्टर आणि इतरांना 1970 च्या दशकात एवढंच दिसत होतं की रक्त चढवलेल्या काही माणसांचं एसजीपीटी वाढतं आणि ए-बीच्या तपासण्या रिकाम्या येतात. 1980 च्या दशकात तिथल्या रक्तपेढ्या दात्याचं एसजीपीटीच मोजू लागल्या, कारण न दिसणाऱ्या शत्रूची थेट तपासणी नव्हती. विषाणू ओळखला गेला 1989 साली. अल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं. नाव नसलेल्या आजाराची दखल एका आकड्याने इतकी वर्षं जागती ठेवली, ही एसजीपीटीची सर्वांत मोठी कामगिरी.

सुईची ही गोष्ट आपल्यासाठी जुनी झालेली नाही. 2009 साली गुजरातमध्ये मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजांतून हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि माणसं दगावली. ताप आला की ‘एक सुई मारा’ म्हणणारा आग्रह कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. नवी सिरिंज डोळ्यांदेखत उघडून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे.

मग एवढं सांगणारा कागद लोकांना का पटत नाही? कारण गावात यकृताचा एकच शब्द वाचला जातो, पिवळा. डोळे पिवळे झाले की काविळीची माळ घालतात, चुन्याच्या निवळीत हात धुतात, नाकात थेंब टाकतात, काही ठिकाणी डागही देतात. आणि माणूस बरा होतो. तो बरा होतो, कारण दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई ही कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या दूषित पाण्याने 29,300 माणसं पिवळी झाली. पुढे जपून ठेवलेल्या रक्ताच्या तपासणीतून ती ई विषाणूची साथ ठरली. गर्भवतीला मात्र शेवटच्या तीन महिन्यांत हीच ई कावीळ जीवघेणी ठरू शकते. तिथे माळेवर दिवस घालवणं म्हणजे दोन जीव पणाला लावणं. बी आणि सी या दोन विषाणूंची तऱ्हा उलटी. ते वर्षानुवर्षं पिवळा रंग दाखवत नाहीत, आणि दाखवतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. जी कावीळ दिसते ती बहुधा जाते. जी राहते ती दिसत नाही. माळेची कीर्ती पहिलीवर उभी आहे आणि माणसं दुसरीने मरतात.

या रचनेतला दोषही सांगायला हवा. ती एकट्याने वाचता येत नाही. डेंग्यूत एसजीओटी एसजीपीटीच्या वर जातं. अंगमोड कष्टानंतर स्नायूंतलं एसजीओटी रक्तात येतं. हाडं वाढणाऱ्या मुलाचं फॉस्फटेज मोठ्या माणसाहून जास्त असतंच. उतारात असलेल्या काविळीत काही बिलिरुबिन अल्ब्युमिनला चिकटून बसतं, म्हणून माणूस बरा झाल्यावरही डोळे दोन-तीन आठवडे पिवळे राहतात. सुट्या ओळीवरून निकाल देणारा वाचक इथे हमखास चुकतो.

आणि आपल्या भागात एक जास्तीची अडचण आहे. औरादचा माणूस उदगीर-लातूरला तपासून घेतो, आळंदचा सोलापूरला, बिदरचा हैदराबादला, आणि पुढच्या वेळी कलबुर्गीला. तीन राज्यांत तीन कागद, प्रत्येकावर वेगळी मर्यादा. जुना कागद नव्या डॉक्टरपुढे जातच नाही. 68 वरून 36 वर आलेला आकडा आणि दोन लाखांवरून ब्याण्णव हजारांवर आलेल्या प्लेटलेट शेजारी-शेजारी ठेवल्या तरच अर्थ लागतो. सुटा कागद हे एक वाक्य आहे, आजार हा परिच्छेद आहे.

हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा प्रतिजन शोधणारे बारुख ब्लुमबर्ग 28 जुलै 1925 रोजी जन्मले. तोच दिवस जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात, आणि त्याच दिवशी 2018 साली भारताचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सी बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी साधारणपणे मुळासकट जात नाही, पण रोजच्या एका गोळीने दबून राहतो आणि यकृत वाचतं. बीची लस 2011 पासून देशभरच्या बाळांच्या लसीकरणात आहे. आईला बी असेल तर जन्मानंतर चोवीस तासांतला डोस सर्वांत मोलाचा, कारण जन्मावेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत हा आजार जन्माचा सोबती होतो. 2011 च्या आधी जन्मलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना ही लस लहानपणी मिळालेली नाही.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सांगतो. आयुष्यात एकदा तरी एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्या; घरात कुणाला असेल तर सगळ्यांची करा. यकृताचा कुठलाही कागद फेकू नका, तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा आणि उदगीर असो की हैदराबाद, ती फाइल डॉक्टरांपुढे ठेवा. आणि कागद हातात आला की चांदणी पाहून थांबू नका. अल्ब्युमिन किती, प्लेटलेट किती, मागच्या वेळी किती होतं, हे विचारा.